पाच नंबरची टोपी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहाला, शिरोलीच्या त्या फौंड्रीत सातशे किलो लोखंड भट्टीत वितळून तयार होतं आणि त्याची तपासणी करणारा संगणक ढिम्म बसला होता. तपासणीची खोली संयोगिताकडे. रसाची लहान चकती ओतायची, घासायची, यंत्रात ठेवायची. आत ठिणगी पडते आणि कार्बन किती, सिलिकॉन किती, ते आकडे संगणकावर येतात. आकड्यांशिवाय ओतलेले पंपाचे भाग गिऱ्हाईक दारातूनच परत पाठवतं. आज ठिणगी पडत होती, पण आकडा येत नव्हता.

संगणक एकोणीसशे चौऱ्याण्णवचा, संयोगितापेक्षा थोराड. यंत्र परदेशी आणि त्याचा प्रोग्रॅम असल्याच काळ्या पडद्याच्या संगणकावर चालणारा, म्हणून त्याची बडदास्त. बिघाड सकाळी आठलाच लक्षात आला होता. पण मालक धैर्यशीलरावांनी बिद्री गावी आकारामकाकांना फोन लावला, ते येतो म्हणाले, आणि मालकांनी लगेच हुकूम सोडला, "काका निघालेत न्हवं? मग लावा भट्टी!" आमच्याकडे भरवसा टाकायचा तर असा, माणूस पोहोचायच्या आधीच.

आकारामकाकांनीच तो संगणक तीस वर्षांपूर्वी बसवलेला. आता वय सदुसष्ट. आल्या आल्या त्यांनी भट्टीवाल्या केरबाला विचारलं, "रस किती येळ दम धरंल?"

"तासभर. त्यापुढं जमिनीवर ओतून टाकायचा आन् आजची पाळी बोंबलली म्हणायची."

मग काकांनी दुसरा प्रश्न टाकला. "पेटी कुणी उघडलीया का?"

"छ्या! हात कोण लावतंय तिला?" केरबा म्हणाला. मालकांनीही नकारार्थी मान हलवली. संयोगिता मान खाली घालून हातातली चकती घासत राहिली.

कारण पेटी तिनेच उघडली होती. खंडेनवमीला फौंड्रीतलं झाडून सगळं पुसून पूजतात, अगदी पाने-हातोड्यांपासून. गेल्या वर्षी केरबाने भक्तीच्या भरात संगणकावर मूठभर हळदकुंकू उधळलं, ते फटींतून आत गेलं. या वेळी देवाचं करायचं तर नीट करावं म्हणून संयोगिताने पेटी खोलली, आतली कार्डं एकेक करून काढली, मऊ फडक्याने पुसली. यंत्राशी बोलणारं कार्ड पुसताना दोन खिळे जोडणारी तांदळाएवढी काळी टोपी तळहातावर पडली. कार्डावर बारीक खिळ्यांच्या, नंबर घातलेल्या पाच-सहा जोड्या. टोपी कुठल्या जोडीवर होती, कोण जाणे! तिने अंदाजाने एकीवर बसवली, झेंडूची माळ घातली, नारळ वाढवला आणि पेढा खाऊन घरी गेली. तिला इथे लागून आठच महिने झाले होते. नोकरी जाईल या एकाच भीतीने तिची वाचा बसली होती.

काका पडद्यासमोर बसले आणि मेमरी मोजू लागले. मोजताना बोलायची त्यांना सवय. "म्याडम, त्या काळात मेमरी कितीबी बसवा, प्रोग्रॅमला पयली सहाशे चाळीस केबीच दिसायची. उरलेली असून नसल्यागत. मग डोकेबाज माणसांनी वर एक खिडकी ठिवली, चौसष्टाची. पलीकडची पानं पाळीपाळीनं त्या खिडकीत आणायची, वाचायची, परत सारायची. माऊसचा प्रोग्रॅम वरच्या कोपऱ्यात सरकवायचा, म्हंजी खाली ऐसपैस. किती भागवाभागवी केली असंल, सांगा!"

एरवी संयोगिताने हे कान टवकारून ऐकलं असतं. आज तिला फक्त घड्याळ दिसत होतं. काका संगणकाच्या सुरुवातीच्या सूचनांच्या ओळी खालीवर करत, संगणक बंद-चालू करत, पुन्हा मोजत. मेमरीत काही खोट नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. वीस मिनिटं गेली. केरबा दारातून ओरडून गेला. मालक येरझाऱ्या घालू लागले.

"धैर्यशील," काका चष्मा काढून म्हणाले, "पेटी बसवली तवा माझंच कायतरी चुकलं असंल. म्हातारा झालो बाबा. दुसरं कुणीतरी बघ."

आता मात्र तिला राहवलं नाही. तीस वर्षं चाललेल्या कामाचा दोष या माणसाने आपल्यापायी अंगावर घ्यायचा?

"काका, पेटी मी उघडली होती," ती एका दमात म्हणाली. "खंडेनवमीला. कार्डावरची टोपी पडली. मी अंदाजानं लावली. मघाशी तुम्ही विचारलं तेव्हा घाबरून बोलले नाही. चूक माझी आहे."

मालकांच्या येरझाऱ्या थांबल्या. केरबाने कपाळावर हात मारला. काका मात्र शांतपणे म्हणाले, "काढा कार्ड. बगू."

टोपी चार नंबरवर होती. "हितंच घोळ," काका म्हणाले. "परत्येक कार्डाला एक नंबर असतोय. काम निघालं की त्या नंबरनं हाक मारायची, मग संगणक हातातलं टाकून बघतोय. चार नंबर माऊसचा. आता चारवर दोघं बोंबलत्यात, संगणकाला कळंना कुणाचं ऐकू."

"मग बरोबर नंबर कुठला?"

"कागद कवाच हरवला. तुम्हीच सांगा. एक कीबोर्डचा, दोन वापरात न्हाय धरायचा, तीन आन् चार मागच्या बाजूच्या जोडण्यांचे, माऊस त्यातच, सहा फ्लॉपी, सात प्रिंटर."

"पाच," संयोगिता म्हणाली.

"मग बसवा. तुम्हीच काढली, तुम्हीच बसवा."

टोपी एकदा बोटांतून निसटली. दुसऱ्या प्रयत्नात टोपी बसली. कार्ड आत, संगणक चालू, चकती यंत्रात. ठिणगी पडली आणि पडद्यावर एकाखाली एक आकडे उतरले. कार्बन तीन पूर्णांक चार. सगळं हवं तसं.

"ओता रं!" मालक केवढ्यांदा ओरडले! केरबा धावत सुटला. संयोगिता भिंतीला टेकून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते, आणि इतकं हलकं तिला आठ महिन्यांत वाटलं नव्हतं. मालकांनी तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं. "म्याडम, पुढच्या खंडेनवमीला पेटीची पूजा भायेरनं," ते म्हणाले आणि भट्टीकडे गेले. बस्स, एवढंच.

दुपारी काकांना फाटकापर्यंत सोडायला ती गेली. तिने पुन्हा माफी मागायला तोंड उघडलं, तर काकाच म्हणाले, "पेटीचे स्क्रू ताजे घासलेले हुते. बसल्या बसल्या दिसलं मला."

ती जागीच थांबली. "मग वीस मिनिटं मेमरी कसली मोजत होता?"

"केरबानं तास दिला हुता. त्यातला अर्धा मी तुम्हाला दिला. त्यात बोलला न्हाईत तर मीच पेटी खोलणार हुतो."

संयोगिताला आधी राग आला, चांगला सणसणीत. मग हसू आलं. "आणि ते म्हातारा झालो वगैरे? तेही नाटकच?"

"ते खरं हाय की," काका म्हणाले. "म्हणून तर माझ्यामागं कोण, ते बघत हुतो. नंबर कुणालाबी शिकवता येतोय, पोरी. चुकलं तर सांगणारं माणूस हुडकावं लागतं. रविवारी ये बिद्रीला. असल्या दोन पेट्या हायत माझ्याकडं, खोलून बसू."

"किती वाजता येऊ?" संयोगिताने विचारलं.