तळ्याकाठचा कॉल

येळ्ळूरच्या जयाबाई अंगणात बसून मोबाइलवर जर्मनीतलं तळं बघत होत्या. रविवार म्हणून त्यांचा मुलगा साईराज बायको-लेकीला घेऊन तिथं फिरायला गेला होता.

"आई, तू दिसतीस, पण आवाज येत न्हाय गं," तो हसून म्हणाला.

सून डबे आणायला गाडीकडं गेली होती. साईराजच्या पाठीमागं चार वर्षांची शर्वी एकटीच पाण्यात उतरत होती.

"साई, मागं बघ! पोर पाण्यात गेली रं!" जयाबाई ओरडल्या. त्यांनी दोन्ही हात हलवले. आई टाटा करतेय असं वाटून त्यानंही हात हलवला. पाणी शर्वीच्या गळ्याला लागलं, मग ती दिसेनाशी झाली. जयाबाई किंचाळल्या आणि तेवढ्यात स्क्रीन काळी झाली.

त्या पुन्हा पुन्हा फोन लावत राहिल्या. लागेचना. शेजारीपाजारी गोळा झाले.

शेवटी सुनेच्या नंबरवरून फोन आला. साईराजला धाप लागली होती. "तुझं तोंड बघून मागं वळलो, आई. काढली तिला बाहेर."

मागून शर्वीचं रडणं ऐकू येत होतं. सून तिला गप्प करत होती.

"गप्प करू नका रं तिला," जयाबाई म्हणाल्या. "रडू दे. मला ऐकू दे."