मधल्या कप्प्यातलं इंजेक्शन

मित्रांनो, टेबलाखाली मावेल एवढा मी एक जुना फ्रिज. कारखान्यातून निघालो तेव्हा दुधाची स्वप्नं पाहत होतो. पण नशिबी आलं ते महिन्याचं एक इंजेक्शन.

माझ्या मालकीणबाई घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासत. एकट्याच राहत. अर्धशिशी उठली की भरदिवसा खोलीत अंधार करून पडून राहत. महिन्यातले दहा दिवस असेच जात. इंजेक्शन सुरू झालं आणि दहाचे दोन झाले! त्या गुणगुणत काम करू लागल्या. मला केवढा अभिमान वाटे!

पुढे विम्याने हात वर केले आणि एवढं महाग औषध बाईंना परवडेनासं झालं. औषधांच्या दुकानातले काका शेवटची पेटी घेऊन आले, तेव्हा बाईंनी विचारलं, “काका, याचं स्वस्तातलं भावंड नाही का निघालं? गोळ्यांचं निघतं तसं?”

“गोळीचं सोपं असतं, ताई. हे जिवंत पेशींपासून बनतं. हुबेहूब दुसरं होत नाही. अगदी जवळचं बनवून, पारखून घ्यावं लागतं. आमच्याकडे तरी अजून आलेलं नाही. पण जुन्या, स्वस्त गोळ्या आहेत. डॉक्टरांना विचारा तर खरं.”

“बघू,” बाई म्हणाल्या. ते शेवटचं इंजेक्शन त्यांनी माझ्या मधल्या कप्प्यात जपून ठेवलं. दुखणं अंगावर काढलं, पण त्याला हात लावला नाही.

माझ्या दाराचं रबर तेव्हाच चिरलं होतं. बाई पंधरा दिवस बहिणीकडे गेल्या आणि इकडे माझी मोटर बंद पडली. आतली ऊब वाढत गेली. मी ओरडणार कसा?

परतल्यावर बाईंनी काकांना फोन लावला.

“टाकून द्या, ताई. आता त्याचा भरवसा नाही.”

बाई माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांकडे गेल्या. जुन्या गोळ्या सुरू झाल्या. सगळं थांबलं नाही, पण दहाचे पाच दिवस झाले. गोळ्यांना गारवा लागत नाही. मला जिन्याखाली ठेवलं. येणारे-जाणारे माझ्यावर छत्र्या ठेवतात.

मित्रांनो, एक विनवणी. औषध परवडेनासं झालं, तर ते साठवून ठेवत दुखणं अंगावर काढू नका; वेळीच विचारा. आणि शेजारचं दार दोन दिवस उघडलं नाही, तर हळूच टकटक करा; आत कुणी एकटंच अंधारात पडलेलं असेल. मला हात नाहीत.