आपण म्हणजे कोण

नव्व्याण्णव सालची गोष्ट. पेण-रोह्याची पांगलेली माणसं ई-मेलवर जमायची, त्या मंडळाचं नाव 'खाडीकट्टा'. ते मी पेणच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमधून एकटी चालवत होते. आलेलं पत्र वाचून सगळ्यांना पाठवायचं, भांडणं मिटवायची, ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही त्यांना छापून द्यायचं.

हमरापूरच्या गिरजाबाई गणपती रंगवायच्या. दर शनिवारी त्या मस्कतच्या जितेशचं लिहिलेलं ऐकायला यायच्या. पोरगा घरी कधी एक ओळ धाडायचा नाही, कट्ट्यावर मात्र पानंच्या पानं. त्यात कुठेतरी आई यायची.

मला नागोठण्याला नोकरी लागली, शिफ्टची. तिघांची समिती नेमून सुटावं म्हटलं, नाहीतर कट्टा बंद. पण मेलं, भांडायला शंभर नि कामाला कोणी नाही! शेवटी त्यातल्या त्यात बऱ्या तिघांना मानानं लिहिलं, "समितीत आपण यावे." रोह्याचा प्रविण, पुण्याची नमिता, अमेरिकेतले हैबतराव. तिघांचंही उत्तर एकच, "आपण असताना काळजी कसली?"

मी हुरळले. समिती जाहीर करून टाकली. दुसऱ्या दिवशी प्रविणचा फोन.

"अगो नूतन, आपण पाठीशी हाय. समितीत नाय!"

नमितानं लिहिलं, "आपण म्हणजे आपण सगळे गं. मी एकटी कशी?" हैबतरावांनी तर मलाच हार घातला, "अहो, आपण म्हणजे तुम्ही! आपल्याइतकं कोणाला जमतंय?"

असा संताप आला! तिघांचाही अर्थ बरोबरच होता, म्हणून जास्तच.

शनिवारी गिरजाबाई आल्या. जितेशनं लिहिलं होतं, इथल्या भाताला आईच्या हातची चव नाही. त्यांनी ऐकलं, नखाखालचा रंग खरवडत बसल्या. मग म्हणाल्या, "तू चाललीस म्हनं. आता माझ्या पोराचं कोन वाचल गो?"

"बघू ना काकी आपण काहीतरी."

"आपन म्हंजे कोन?"

माझ्या तोंडून खोटं निघेना.

"कोणी नाय, काकी."

त्यांनी मान हलवली. उठल्या मात्र नाहीत.

"मंग आजचंच परत वाच," त्या म्हणाल्या. "सावकाश वाच."