त्रेचाळीस किलो चारशे ग्रॅम

मित्रांनो, पिंपळनेरच्या पेठेत प्रकाशचंदशेठच्या दुकानाच्या पायरीशी एक लोखंडी वजनकाटा उभा आहे. त्याचा हिरवा रंग उडाला आहे आणि दांडीवरचे आकडे जवळ जाऊनच वाचता येतात. तो काटा मी.

माझा जन्म सावरकुंडल्याच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझ्या पाटावर ठरावीक वजने ठेवून माझी तीन दिवस परीक्षा घेतली. जेवढे आहे तेवढेच सांगायचे, जास्त नाही, कमी नाही, एवढेच मी शिकलो. दुसरे काही मला येत नाही.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी मी इथे आलो. भुईमूग, नागली, बाजरी, तांदूळ, सगळ्यांची पोती माझ्या पाटावरून गेली. दरवर्षी वजनमाप खात्याचा माणूस यायचा, मला तपासायचा आणि शिशाची मोहोर मारायचा. शेतकरी लांबून यायचे, कारण शेठचा काटा खोटे बोलत नाही असे लोक म्हणत. त्या दिवसांत मला फार मान होता.

शेठचे घर दुकानाच्या मागेच आहे. या घराची एक रीत होती. दिवाळीच्या पाडव्याला घरातली मुले ओळीने माझ्यावर उभी राहायची. शेठ दांडीवरचे वजन सरकवायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचे. नातू रोनक सहा वर्षांचा असताना एकदा वना नावाचा शेतकरी पायरीवर बसला होता. तो हसत म्हणाला, "शेठ, पोऱ्याले कसाले चढाडं काट्यावर? इकनं शे का?"

"याला घेणारा अजून जन्मला नाही, वना," शेठ म्हणाले. रोनक माझ्यावर नाचला आणि माझी दांडी खडखडली.

पुढे आकडे दिव्यात दाखवणारा छोटा काटा आला आणि मला पायरीशी ढकलण्यात आले. माझे काम संपले, पण जागा संपली नाही. कुरियरचे काम करणारे पुनाभाऊ पन्नाशीचे आहेत. गल्लीतली घरे शोधत फिरण्यापेक्षा सगळ्यांची पाकिटे ते माझ्या पाटावर ठेवतात. ज्याचे असेल तो येऊन घेऊन जातो. शेठचा नियम कडक आहे. दुसऱ्याची वस्तू उघडायची नाही आणि आत काय आहे असे विचारायचेही नाही. त्यांच्या घरी पाणी गाळून पितात, सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. शेठनी आयुष्यात चहासुद्धा घेतलेला नाही.

रोनक बारावीच्या विज्ञान शाखेत गेला आणि त्याच्या नावाची पाकिटे येऊ लागली. राखाडी प्लास्टिकची, तळहाताएवढी. वरच्या चिठ्ठीवर 'मोबाईल कव्हर, ४० ग्रॅम' असे छापलेले असायचे. मित्रांनो, मी पोती मोजणारा काटा. दोनशे ग्रॅमच्या खाली मला काही कळत नाही. पाकीट माझ्यावर यायचे, तासभर पडून राहायचे आणि माझी दांडी जागची हलायची नाही. आतून गोळ्यांचा आवाज मात्र यायचा.

"रोनक, तुझं पाकीट आलं बघ," शेठ स्वतः हाक मारायचे आणि स्वतःच्या हाताने ते द्यायचे.

फोनवरच्या एका ग्रुपमध्ये कोणीतरी त्या गोळ्या विकत होते. झोप येत नाही, अभ्यास दुप्पट होतो, सगळे टॉपर घेतात, असे तिथे लिहिलेले असायचे. डॉक्टरची चिठ्ठी लागत नव्हती आणि वय कोणी विचारत नव्हते. हे मला फार उशिरा समजले.

पाडव्याला रोनक छप्पन्न किलो भरला होता. पुढच्या श्रावणापर्यंत त्याचे शर्ट खांद्यावरून लोंबू लागले. ताट तो पुढे सरकवायचा. आजी चंद्रकांता रोज चिडायची, "दोन घास तरी खा रे! हवा खाऊन डॉक्टर होणार आहेस का?" मग पर्युषण आले. जैन लोकांचे हे तपाचे दिवस. त्यात काही जण अठाई करतात, म्हणजे आठ दिवस अन्न घेत नाहीत, फक्त उकळलेले पाणी दिवसा पितात. चंद्रकांता पंधरा वर्षांपासून अठाई करते. मी तिचे वजन केलेले आहे. आठ दिवसांत तिचे तीन किलो उतरतात आणि दिवाळीपर्यंत भरून येतात. तिचा चेहरा तेव्हा शांत असतो. तिच्या उपवासाला मी कधीच दोष देणार नाही.

त्या वर्षी रोनक म्हणाला, "दादाजी, मीही अठाई करतो."

घरात आनंद झाला. सतरा वर्षांचा मुलगा आणि अठाई! शेठनी पहिल्या दिवशी त्याला माझ्यावर उभे केले. सत्तेचाळीस किलो सहाशे. एकही उपवास व्हायच्या आधी आठ किलो चारशे ग्रॅम गेले होते. शेठ थोडे थबकले. मग स्वतःशीच म्हणाले, "उंची वाढली की अंग उतरतंच."

संध्याकाळी घरी बायका तपाची गाणी म्हणू लागल्या. नातेवाइकांचे फोन येऊ लागले. जेवत नाही म्हणून जो मुलगा बोलणी खात होता, तो आता जेवत नाही म्हणून घरचा देव झाला.

चौथ्या दिवशी दुपारी शेठ प्रवचनाला गेले होते. दुकानात रोनकची धाकटी बहीण चेलना एकटी होती, सातवीतली. पाकीट माझ्यावर होते. रोनक आला, त्याने ते फाडले आणि एक गोळी तोंडात टाकली.

"भैया, अठाई मोडली ना तुझी?"

"डोकं दुखतंय. त्याची गोळी आहे."

"खोटं. त्या दिवशी पण घेतलीस. परवा पण."

"मग जा, सांग सगळ्यांना. गाणी बंद करायला लाव. दादीला रडव."

चेलना म्हणाली, "तू जेव ना. मी कुणाला सांगणार नाही."

रोनक माझ्या पाटावर बसला. "भूकच लागत नाही, चेलू. चार महिने झाले. लागली असती तर हा उपवास कशाला धरला असता? न जेवण्यावरून रोज कटकट. म्हटलं, आठ दिवस तरी कुणी बोलणार नाही."

"मग सोड त्या गोळ्या."

"सोडल्या होत्या. दोन दिवस. अंगावर मुंग्या चालल्यासारखं होतं. हे बघ." त्याने हात पुढे केला. तो थरथरत होता. माझ्या दांडीलाही ते कळत होते. "परीक्षा झाली की सोडतो. तुला माझी शप्पथ, बोलू नको."

तिने शपथ पाळली. भावाची शपथ मोडली तर भावाला काही होते, असे तिला वाटत होते. पण ती हुशार मुलगी आहे. सहाव्या दिवशी सकाळी ती शेठना म्हणाली, "दादाजी, भैयाचं वजन करा ना परत."

"कशाला? आठव्या दिवशी करू."

"आजच करा. प्लीज. आत्ता."

मित्रांनो, तिने बोलायचे नाही असे ठरवले होते, म्हणून तिने मला बोलायला लावले. माझ्या उभ्या आयुष्यात एवढे मोठे काम माझ्याकडे कोणी दिले नव्हते. रोनक भिंतीला धरून चढला. शेठनी वजन सरकवले. दांडी वर गेली, खाली आली, मध्ये थांबली. त्रेचाळीस किलो चारशे ग्रॅम. मी एका ग्रॅमचीही लबाडी केली नाही.

शेठनी चष्मा पुसून आकडा दोनदा वाचला. चेलना त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांचे डोळे भरून आले.

"केवढं तप!" ते म्हणाले. आणि त्या सत्तर वर्षांच्या माणसाने नातवापुढे हात जोडले.

चेलनाने मान खाली घातली. आकडा बरोबर होता. वाचणारा प्रेमळ होता. तरीही काही उपयोग झाला नाही.

सातव्या दिवशी सकाळी दहा वाजता रोनक पायरी उतरताना छाती धरून खाली बसला आणि आडवा झाला. त्याचे वडील पुनीत यांनी त्याला गाडीत घातले आणि ते धुळ्याला निघाले. दुकान उघडेच राहिले. चेलना माझ्या पाटावर पाय पोटाशी घेऊन बसली.

साडेबाराला पुनीत यांचा फोन आला. शेठ मोठ्याने बोलत होते. "डॉक्टर काय विचारतात? काय घेत होता? काही नाही! नुसतं पाणी. उकळलेलं पाणी! आपल्या घरात कोण काय घेणार, पुनीत?"

चेलना उठली. "गोळ्या घ्यायचा," ती म्हणाली. "त्या पाकिटांतल्या. रोज तीन. कधी चार."

शेठनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. त्यांनी फोन तिच्या कानाला लावला. तिने सगळे सांगितले. डॉक्टरांना कळले. पण तोवर हृदयाचे ठोके त्यांच्या हातात राहिले नव्हते. सव्वातीन वाजता रोनक गेला.

शेठ पोलिसांकडे गेले. धुळ्याच्या साहेबांनी रोनकचा फोन तपासला. तो ग्रुप बंद झालेला होता. दुसऱ्या नावाने तो पुन्हा सुरू झाला असेल, शोध चालू आहे, असे त्यांनी सांगितले. ते अजूनही तसेच सांगतात.

दिवाळीनंतर एका सकाळी पुनाभाऊंनी माझ्यावर पाकिटे ठेवली. त्यात एक राखाडी होते. तळहाताएवढे. नाव किरणचे. किरण म्हणजे समोरच्या बेबाबाईंचा मुलगा, अकरावीतला.

"पुना, हे कुठून आलं?" शेठनी विचारले.

"शेठजी, मी पत्ता वाचस आनि पोचाडस. पाकिटना मझार काय शे ते मले कसं समजी?" पुनाभाऊ म्हणाले. त्यांनी रोनकला लहानपणी मोपेडवर फिरवले होते. ते मान वर करत नव्हते.

बेबाबाई मीठ घ्यायला आल्या तेव्हा शेठनी पाकीट हातात धरून ठेवले होते. जन्मभराचा नियम त्यांनी मोडला. "बाई, हे पोराला देऊ नका. माझ्यासमोर उघडा. आपण दोघं पोलिसांकडे जाऊ. मी येतो तुमच्याबरोबर."

बेबाबाईंचा चेहरा आधी मऊ झाला, मग कठीण झाला. "शेठजी, तुम्हनं दुख मले समजस. पन मना किरण तसा नही शे. बठ्ठा पोरे सारखा ऱ्हातस का?" त्यांनी पाकीट हळूच काढून घेतले, मिठाबरोबर पिशवीत टाकले आणि त्या निघाल्या.

शेठ उभेच राहिले. चेलना मात्र गल्ल्यामागून उठली, कोणाला न विचारता अनवाणी त्यांच्यामागे धावली. समोरचे दार उघडले. ती दारात उभी राहून बोलताना दिसत होती. दार बंद झाले. तिने ते दोनदा वाजवले. मग ती परत आली. तिच्या हातात काही नव्हते.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. मला रडता येत नाही आणि चालताही येत नाही. एक आकडा सांगण्यापलीकडे मी कोणाचे काही करू शकत नाही, हे मी पाहिले आहे. म्हणून तुम्हाला विनवतो. मित्र अशा गोळ्या मागवत असेल, तर त्याची शपथ पाळू नका. पहिल्याच दिवशी बोला. ती चुगली नसते. एक मोठा माणूस ऐकत नसेल तर दुसऱ्याकडे जा, शाळेत जा, दवाखान्यात जा. आणि मोठ्यांनो, तुम्हीही हे वाचत असाल तर ऐका. तुमच्या दारात एखादी मुलगी असे काही सांगायला आली, तर निदान तिचे बोलणे पुरे होऊ द्या.

चेलना आज सकाळी पुन्हा समोर गेली आहे. दार अजून उघडलेले नाही. ती उभी आहे.