मधल्या भिंतीवरचं वायफाय

इंटरनेटची वायर शेजारच्या पत्र्यावरून न्यायची म्हटल्यावर धाकटा दीर आडवा आला. "माझ्या घराला हात लावायचा नाही," त्याने वायरमनला बजावलं.

थोरली वहिनी ओट्यावरूनच म्हणाली, "बाबा, तू मागून वळसा घाल. त्यांच्याकडं काही मागू नको."

दोन्ही घरांची भिंत एक, पण बोलणं बंद होतं. मागच्या पावसाळ्यात विहिरीतली मोटार गाळात रुतली, तेव्हा धाकट्यानेच पुतण्याला, वहिनीच्या बारक्याला, दोर बांधून खाली सोडलं. बारक्या वर आलाच नाही. गाठ सुटली, असं धाकट्याने चारचौघांत सांगितलं. गावाने मान डोलावली. वहिनीने दिराला एका शब्दाने दोष दिला नाही. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

वहिनीच्या लेकीचं नर्सिंगचं शिक्षण फोनवर चालणार, म्हणून हे इंटरनेट. वायरमनने राउटर नेमका मधल्या भिंतीवर ठोकला. पलीकडं धाकट्याला सगळं ऐकू येत होतं.

"नाव काय टाकू, काकू?"

"कशाचं?"

"वायफायचं. फोनमध्ये दिसतं ते."

वहिनी म्हणाली, "बारक्या."

धाकट्याने फोन उघडला. सगळ्यात वर तेच नाव, शेजारी कुलूप.

मग ते त्याच्या मानगुटीवरच बसलं. जेवायला बसला की बारक्या, खाटेवर टेकला की बारक्या. विहिरीकडं निघालं की नाव वाटेतच पुसलं जायचं, आणि तिथून पुढं त्याचा पाय उचलायचा नाही. बायको म्हणाली, "तो फोन बंद करा." केला. पण भिंत कुठं बंद होणार?

एका सकाळी वारा सुटला. धाकट्याने फोन चालू करून पाहिलं, तर नाव नाही. सुटलो, असं वाटायला हवं होतं. त्याने फोन भिंतीला टेकवून पाहिला. छाती धडधडायला लागली. विहिरीवर हात एकदम हलके झाले, तेव्हाही असंच झालं होतं. त्या दिवशी वहिनीला सांगायला त्याने दुसऱ्याला पाठवलं होतं. आज तो अनवाणीच वहिनीच्या दारात गेला.

"वहिनी, बारक्या दिसत नाही."

शेंगा फोडणारे तिचे हात थांबले.

"लाइट गेलीय, भावजी. बसा."

तो उंबऱ्याशी बसला. तिने सूप त्याच्यापुढं सरकवलं.

"त्या दिवशीचं तुमच्या तोंडून ऐकायचं राहिलंय," ती म्हणाली.

धाकट्याने मूठभर शेंगा उचलल्या, तशाच धरून ठेवल्या.

"गाठ सुटली नव्हती, वहिनी," तो म्हणाला. "दोर माझ्या हातून सुटला."