उभी मिरची

विमलने ताटलीतल्या लांब मिरच्या उचलून मडक्यामागे टाकल्या आणि त्यांच्या जागी पदराच्या गाठीतल्या, बोटाच्या पेराएवढ्या मिरच्या ठेवल्या. वर मीठ-मोहरी पसरली. मग मांडीवरच्या पोरीच्या बरगड्यांकडे पाहत बसली. प्रत्येक श्वासाला तिथे खळगा पडत होता.

त्या मिरच्या भुरीबाईने तांड्यावरून आणून दिल्या होत्या. तिचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचा, तेव्हापासून तांड्याने हे बी जपलेलं. झाडावर ही मिरची आभाळाकडे तोंड करून असते, म्हणून उभी.

"वरणात एकच टाकजो, बाई," भुरीबाई हसत म्हणाली होती. "अन् चुलीत पडली त तांडा खाली होते!"

घरातल्या मिरच्या मागच्या सालच्या, सादळलेल्या. गेल्या आठवड्यात शेजारच्या पोराची नजर काढली, तेव्हा त्या जाळात पडूनही कुणाला ठसका लागला नव्हता. ठसका नाही म्हणजे नजर लागलेली, आणि नजर लागलेलं लेकरू ती उतरेपर्यंत शिवेबाहेर न्यायचं नाही, ही सासूबाईंची रीत. ते पोर घरीच बरं झालं, हेही विमलच्या विरुद्ध गेलं होतं. यवतमाळचा डॉक्टर म्हणजे आधी छकड्याने नेर, मग मोटार. अमरावतीच्या कॉलेजातलं शहाणपण तिने कालपासून सांगून पाहिलं होतं.

"जुपू का नको?" ओसरीवरून सासरे, मारोतराव, ओरडले. "मोटार काय आपल्या घरची हाये थांबाले?"

"थांबा जी. पयले नजर पाहू द्या," सासूबाई, वच्छलाबाई, आतून म्हणाल्या.

वच्छलाबाईंनी ताटलीत हात घातला. मूठ वळली आणि क्षणभर तिथेच राहिली. विमलने पोरीच्या तोंडावर पदर ओढला आणि ती उंबऱ्याकडे, वाऱ्याच्या बाजूला सरकली.

"आल्यागेल्याची, घरच्या-दारच्याची..."

मूठ पोरीवरून फिरली. चुलीत रिकामी झाली.

आधी नुसती मोहरी तडतडली. विमल चुलीकडे पाहत राहिली. मग वच्छलाबाईंना ठसका लागला, पाठोपाठ ओसरीवर मारोतरावांना. गोठ्यात बैल फुरफुरला. रस्त्यावरून कुणीतरी खोकत ओरडलं,

"काय जाळून राह्यले वं, वच्छलाबाई? गाव मारता काय?"

तोवर विमल पोरीला घेऊन अंगणात पोचली होती.

वच्छलाबाई डोळे पुसत बाहेर आल्या.

"नजर नाही. जुपा जी."

छकड्यात बसल्यावर विमलने पोरीला छातीशी घेतलं. सासूबाई चाकाशी आल्या. त्यांनी तिचा हात ओढून घेतला आणि तळव्यावर एक मिरची ठेवली. पेराएवढी, जाळात न गेलेली.

विमलला वर पाहवेना.

"हिचं बी धरजो," पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारत त्या म्हणाल्या. "इले सासरी लागंल."