लिप्ताची हरवलेली नोंद

इसिद्रो गुरुजी वारले तेव्हा त्यांच्या फाइलीत त्यांनी जमवलेले केचुआ भाषेचे चार हजार शब्द होते. पेरूतल्या आयाकुचो गावच्या कोश कचेरीत ते सगळे मुख्य फाइलीत न्यायचं काम लुस्मिलाच्या गळ्यात पडलं. डावीकडे गुरुजींची फाइल उघडी, उजवीकडे मुख्य. इथून कट करायचं, तिथे जागा शोधून पेस्ट करायचं. पाचवा महिना चालू होता. मनगट ठणकायचं, डोळे मिटले तरी ओळीच दिसायच्या.

"अगं, कट कशाला करतेस? कॉपी कर," संचालक उल्दारिको म्हणायचे.

"कॉपी केलं की कुठवर आले तेच कळत नाही, सर. कट केलं की निदान संपत आल्यासारखं वाटतं."

त्या दिवशी तिने 'लिप्ता'ची नोंद कट केली आणि फोन वाजला. संचालकांना छापखान्याचा नंबर हवा होता, आत्ताच्या आत्ता. तिने तो तिसऱ्या फाइलीतून कॉपी करून पाठवला, सवयीने सगळं सेव्ह करून बंद केलं आणि जेवायला गेली. परत येऊन पेस्ट केलं, तर शब्दकोशात छापखान्याचा नंबर उमटला. फाइल एकदा बंद केलेली, आता मागे फिरायची सोय नव्हती. गुरुजींच्या फाइलीची एकच जुनी प्रत होती, तीत ही नोंद अजून आलेलीच नव्हती. लुस्मिला इतकी दमली होती की तिला रडूसुद्धा आलं नाही.

ती बाजारात गेली. गुरुजींची बायको तेओफिलाबाई तिथे चघळायची कोकाची पानं विकायच्या.

"गुरुजींचा एक शब्द माझ्याकडून हरवला," तिने सांगून टाकलं. "लिप्ता."

"एकच ना? त्यांनी चष्मे किती हरवले!" बाई म्हणाल्या. "अगं, लिप्ता म्हणजे राख. किन्वाची ताटं जाळायची, राख उकडलेल्या बटाट्यात मळायची, वड्या थापून वाळवायच्या. पानाबरोबर चिमूटभर तोंडात धरली की पानाचा कस उतरतो, पान बोलायला लागतं. हे मीच सांगितलेलं त्यांना. त्यांनी काय लिहिलं होतं?"

"माहीत नाही. मी आता नोंदी वाचतच नाही, नुसत्या इकडून तिकडे हलवते."

बाई एक खोकं पुढे सरकवून म्हणाल्या, "बस जरा, पोरी."

लुस्मिला बराच वेळ बसली. कचेरीत येऊन तिने बाईंचे शब्द जसेच्या तसे टाइप केले.

"'पान बोलायला लागतं'? ही काय कोशाची भाषा झाली?" संचालकांनी विचारलं.

"असू दे, सर. अजून एकोणीसशे उरलेत."

पुढची नोंद कट करण्याआधी तिने ती वाचली. वेळ जास्त लागला.